आपले खडकही तितकेच जुने, मग जोहान्सबर्गसारखे सोने पूर्व विदर्भात का नाही?

प्रश्न : वैनगंगाकाठ (साकोली तालुका, जि. भंडारा)

सर्व जाणकारांना नमस्कार. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. दक्षिण आफ्रिकेची खनिजसंपत्ती हा भाग चालू असताना अकरावीच्या एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, "सर, आपल्या झाडीपट्टीतला खडक देशातल्या सर्वांत जुन्या खडकांपैकी आहे, असे तुम्हीच सांगता. मग तिकडे सोने, प्लॅटिनम आणि क्रोमियम, आणि आपल्याकडे फक्त मँगनीज आणि लोखंड, असे का?" पाठ्यपुस्तकात याचे उत्तर मिळण्यासारखे नाही, म्हणून प्रश्न येथे मांडत आहे.

माझ्या वाचनानुसार दक्षिण आफ्रिकेचा कापव्हाल क्रेटॉन (क्रेटॉन म्हणजे खंडाचा अतिशय जुना, स्थिर गाभा) आणि आपला बस्तर क्रेटॉन, ज्याच्या पश्चिम कडेवर भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग येतो, या दोन्ही ठिकाणी तीन अब्ज वर्षांपलीकडचे खडक आहेत. दोन्ही भूभाग पुढे गोंडवन या प्राचीन महाखंडात एकत्र होते, हेही खरे. परंतु गोंडवन जुळले ते या खडकांच्या मानाने फारच अलीकडे, त्यामुळे त्या शेजाराने धातूंचा उलगडा होईल असे मला वाटत नाही.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. वय सारखे असताना धातूंची वाटणी इतकी निराळी कशी झाली, ही पहिली. दुसरी अशी की, आपल्याकडे ते धातू मुळातच नाहीत की अजून नीट शोधले गेलेले नाहीत? गावात असेही बोलले जाते की सोने आहे, सरकारला ठाऊकही आहे, पण कोणी सांगत नाही. या बोलण्याला मुलांसमोर काहीतरी पुराव्याचे उत्तर देता यावे, एवढीच अपेक्षा आहे.

उत्तर : कोअरपेटी (चंद्रपूर)

सर, 'जुना खडक म्हणजे श्रीमंत खडक' असे गृहीत धरूनच हा प्रश्न उभा राहतो, आणि नेमके ते गृहीतकच तपासण्याजोगे आहे. वयाबद्दल तुमचे म्हणणे बरोबर आहे. बस्तर क्रेटॉनमधील काही ग्रॅनाइटी खडकांतल्या झिरकॉन या टिकाऊ खनिजाच्या कणांचे वय ३.५ अब्ज वर्षांपलीकडे जाते, आणि कापव्हालच्या पूर्व टोकाला असलेल्या बार्बरटनच्या डोंगरांतले खडक ३.५५ ते ३.२ अब्ज वर्षांचे आहेत. हे वय अंदाजाने ठरत नाही. झिरकॉन शिलारसातून घट्ट होताना युरेनियम आत घेतो आणि शिशाला जवळजवळ थारा देत नाही, म्हणून आज त्यात सापडणारे शिसे युरेनियमच्या ऱ्हासातून आलेले असते. युरेनियमच्या दोन समस्थानिकांपैकी एकाचा अर्धायुकाल ४.४७ अब्ज वर्षे आणि दुसऱ्याचा सुमारे ७० कोटी वर्षे असल्याने एकाच कणात दोन घड्याळे चालतात आणि ती एकमेकांची चूक पकडतात.

मात्र जोहान्सबर्गचे सोने या सर्वांत जुन्या खडकांत नाही. १८८६ साली लांगलाख्ते या शेतावर जे सोने सापडले ते विटवाटर्सरँडच्या गाळात आहे, आणि तो गाळ सुमारे २.९ अब्ज वर्षांपूर्वी साचलेला आहे. म्हणजे आधी क्रेटॉन तयार झाला, थंड होऊन ताठ झाला, त्याच्या पाठीवर एक विस्तीर्ण खोलगट भाग तयार झाला आणि भोवतालच्या उंचवट्यांवरून वाहत आलेल्या नद्यांनी त्यात वाळू व गोटे आणून टाकले. सोने बसले आहे ते या गोट्यांच्या थरांत, ज्यांना आपण पिंडाश्म म्हणतो. या खडकाचा तुकडा हातात घेतला तर पांढऱ्या आणि धुरकट गारेचे गुळगुळीत गोटे, त्यांच्या मधल्या जागेत करडी वाळू आणि त्या वाळूत छर्ऱ्यांसारखे गोल पायराइटचे (लोह आणि गंधक यांच्या पिवळसर खनिजाचे) दाणे दिसतात. सोने बहुधा डोळ्यांना दिसतच नाही. थराची जाडी कुठे वीतभर, कुठे मीटरभर, पण तो थर जमिनीखाली कित्येक किलोमीटर सलग मिळतो. याच सलगपणामुळे तिथे सुमारे ४ किलोमीटर खोलीपर्यंत खाणी गेल्या आणि आजवर ५० हजार टनांच्या घरात सोने निघाले.

आता या गोल पायराइटकडे लक्ष द्यावे, कारण माझ्या मते उत्तराचा अर्धा भाग तिथे आहे. आजच्या नदीत पायराइट टिकत नाही, हवेतल्या ऑक्सिजनने त्याचा गंज होऊन जातो. युरेनियमचे युरॅनिनाइट हे खनिजही पाण्यात विरघळून निघून जाते. विटवाटर्सरँडच्या गाळात हे दोन्ही नदीने घासून गोल केलेल्या स्थितीत सापडतात, याचा अर्थ तो गाळ वाहत होता तेव्हा हवेत मोकळा ऑक्सिजन जवळपास नव्हता. हवेत ऑक्सिजन टिकू लागला तो सुमारे २.४ ते २.३ अब्ज वर्षांपूर्वी, आणि त्या बदलाचे काही उत्तम पुरावे दक्षिण आफ्रिकेतल्याच ट्रान्सव्हाल गाळात मिळाले आहेत. तेव्हा विटवाटर्सरँड हा एका विशिष्ट काळाचा आणि एका विशिष्ट हवेचा गाळ आहे. तो काळ सरला, ती हवा गेली.

या सोन्याबद्दलचा वाद शंभराहून अधिक वर्षे चालू आहे, हेही मुलांना जरूर सांगावे. एका पक्षाचे म्हणणे असे की सोन्याचे कण नदीनेच आणून टाकले. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की गाळ साचल्यावर पुष्कळ काळाने खालून आलेल्या उष्ण पाण्याने सोने त्यात मुरवले. २००२ साली 'सायन्स' या नियतकालिकात रेनियम-ऑस्मियम पद्धतीने काढलेले सोन्याचे वय प्रसिद्ध झाले, ते सुमारे ३.०३ अब्ज वर्षे निघाले. सोने ज्या गाळात आहे त्या गाळाहून ते जुने ठरले, आणि त्यामुळे नदीवाल्यांचे पारडे जड झाले. तरीही अनेक कणांचे आकार आणि शिरांतले सोने पाहता काही सोने नंतर विरघळून पुन्हा जागच्या जागी बसले असावे, असे मधले मत आज बरेच जण धरतात. मीही त्याच मताचा आहे.

राहिला टिकून राहण्याचा भाग. हा गाळ सुमारे २.७ अब्ज वर्षांपूर्वी व्हेंटर्सडॉर्पच्या लाव्हाखाली झाकला गेला. पुढे २.०२ अब्ज वर्षांपूर्वी व्हर्डेफोर्ट येथे एक प्रचंड अशनी आदळला, आणि त्या आघाताने उलथलेले व खाली दबलेले थर झिजेपासून बचावले. आपल्याकडे बस्तर क्रेटॉनवर त्या वयाचा, तितका जाड आणि तितका कमी तापलेला गाळ माहीत नाही. साकोली, सौसर, डोंगरगड हे आपले जे गाळाचे आणि ज्वालामुखी खडकांचे पट्टे आहेत, ते बहुतांशी नंतरचे आहेत. भारतात विटवाटर्सरँडसारखे पिंडाश्म शोधायचे प्रयत्न कर्नाटकात धारवाड भागात आणि ओडिशा-झारखंडात सिंहभूम भागात झाले. तिथे तसे पिंडाश्म मिळाले, त्यांत युरेनियमही मिळाले, पण सोन्याचा तसा साठा मिळाला नाही. म्हणजे केवळ गाळ असूनही भागत नाही, उगमाकडच्या डोंगरांत सोने असावे लागते.

प्रश्नकर्ता : वैनगंगाकाठ

कोअरपेटी सर, मनःपूर्वक आभार. ऑक्सिजनचा मुद्दा माझ्यासाठी अगदी नवा आहे. पण मग मँगनीजचे काय? ते तर दोन्हीकडे आहे. दक्षिण आफ्रिका त्यातही जगात पहिली, आणि आपल्या तुमसरच्या खाणी एवढ्या जुन्या असूनही त्या तुलनेत लहान. येथे तरी कारण एकच असायला हवे होते.

उत्तर : निवृत्त_सर्वेक्षक (तुमसर)

गुरुजी, माझे आयुष्य भंडारा जिल्ह्यातल्या मँगनीजच्या खाणींत नकाशे काढण्यात गेले, त्यामुळे या उत्तरात थोडा विस्तार होईल, तो सांभाळून घ्यावा.

मँगनीज दोन्हीकडे समुद्राच्या तळाशीच साचले. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात मँगनीज विरघळलेले राहते, ऑक्सिजन मिळाला की त्याचे काळे ऑक्साइड होऊन तळाशी बसते. लोखंडाचेही तसेच आहे, परंतु लोखंड फार थोड्या ऑक्सिजनवर बसते आणि मँगनीजला त्याहून पुष्कळ अधिक लागतो. म्हणून मँगनीजचे मोठे थर म्हणजे हवेत ऑक्सिजन वाढल्याची खूण मानतात. दक्षिण आफ्रिकेत कुरुमानच्या उत्तरेला कालाहारी मँगनीज क्षेत्र आहे. तिथला होटाझेल नावाचा शिलासमूह सुमारे २.४ अब्ज वर्षांचा आहे, म्हणजे वर कोअरपेटी यांनी सांगितलेल्या त्या बदलाच्या अगदी तोंडावरचा. लोखंडाच्या पट्टेदार खडकात मँगनीजचे तीन थर आहेत. त्यांच्या खाली ओंगेलुक लाव्हा, आणि त्याही खाली हिमनद्यांनी आणलेला माक्गान्येने गाळ, अशी तिथली मांडणी आहे. जगात जमिनीवर जेवढे मँगनीज माहीत आहे त्याच्या ७० टक्क्यांहून अधिक या एका खोऱ्यात आहे, आणि ते खोरे जेमतेम ४० किलोमीटर लांब आहे.

त्या खडकांच्या वाट्याला पुढे फारसे काही आले नाही, हेच त्यांचे भाग्य. थर आजही जवळजवळ आडवे आहेत. मामाटवान येथे खालच्या थराचा सुमारे २० मीटर जाडीचा भाग उघड्या खाणीतून काढतात, त्यात मँगनीज सुमारे ३८ टक्के असते. उत्तरेकडे वेसेल्स भागात विभंगांच्या (खडक तुटून सरकलेल्या भेगांच्या) वाटेने उष्ण पाणी चढले, त्याने थरातला कार्बोनेट आणि सिलिका धुऊन नेली आणि मागे ४४ टक्क्यांच्या वरचे धातुक (धातू काढण्याजोगे खनिज) ठेवले. एकाच थराचे हे दोन दर्जे, आणि दुसरा दर्जा कुठे मिळेल हे विभंग पाहून सांगता येते.

आता आपल्याकडे या. नागपूर जिल्ह्यातले मनसर, कांद्री, गुमगाव, आपल्या जिल्ह्यातले चिखला, डोंगरी बुजुर्ग, आणि सरहद्दीपलीकडे बालाघाट, हा सगळा सौसर समूहाचा पट्टा. येथे मँगनीज साचले तेव्हा तेही थरच होते. पण पुढे, सुमारे एक अब्ज वर्षांपूर्वीपर्यंत चाललेल्या पर्वतनिर्मितीत हे थर खोल दडपले गेले, तापले आणि अनेकदा दुमडले. शुद्ध मँगनीजचा जो भाग होता त्याचे ब्राउनाइट, बिक्सबाइट, हॉलंडाइट असे धातुक झाले. ज्या भागात मँगनीजबरोबर वाळू आणि चिकणमाती मिसळलेली होती तिथे स्पेसार्टाइन गार्नेट आणि गार मिळून गोंडाइट नावाचा खडक झाला. हे नाव भूवैज्ञानिक फर्मर यांनी दिले, आणि त्यांचा भारतातल्या मँगनीजवरचा मोठा ग्रंथ १९०९ चा आहे. आमच्या पिढीने तो नकाशांबरोबर जवळ ठेवून काम केले.

गोंडाइट नव्या माणसाला हमखास चकवतो. गारेची घनता २.६५, म्हणून गारेचा तुकडा हलका लागतो, तो बाजूला टाकणे सोपे. पण स्पेसार्टाइनची घनता ४.२ च्या आसपास आणि ब्राउनाइटची ४.७ च्या पुढे. वरून दोघांवरही काळी पुटे चढलेली, हातात घेतले तर दोन्ही जडच. हाताने धातुक निवडणाऱ्या बाया अशा वेळी वजनावर विसंबत नसत. हातोडीचा एक टोला मारून ताजा भंग पाहत. भंगात नारिंगी-तपकिरी, काचेसारखे चकाकणारे बारीक दाणे दिसले की तो गोंडाइट, आणि पोलादी करडा, सलग भंग दिसला की धातुक. डोंगरी बुजुर्गला तर प्रकार आणखी वेगळा. तिथे पृष्ठभागाजवळ पाण्याने आणि हवेने मूळ खनिजे बदलून मँगनीज डायऑक्साइड झाले आहे, ते हात काळे करते, आणि कोरड्या बॅटऱ्यांसाठी त्याला मागणी असते.

दुमडण्याचा परिणाम नकाशावर असा दिसतो की घडीच्या वळणावर धातुकाचा पट्टा फुगतो आणि दोन्ही बाजूंना तो दोऱ्याएवढा बारीक होऊन तुटतो. कालाहारीत दोन बोअर दूर दूर घेतले तरी मधला थर गृहीत धरता येतो. आमच्याकडे दोन बोअरमधले अंतर थोडे वाढले की मधली घडी नकाशातून सुटायची, आणि मग खालच्या पातळीवर बोगदा नेल्यावर समोर नुसता अभ्रकी सुभाजा खडक यायचा. साठा लहान दिसण्याचे हे मोठे कारण आहे. तरी १९०० च्या सुमारास सुरू झालेला हा पट्टा आजही चालू आहे, आणि बालाघाटची भूमिगत खाण आशियातल्या सर्वांत खोल मँगनीज खाणींत गणली जाते. 'फक्त मँगनीज' हा शब्दप्रयोग तुमच्या विद्यार्थिनीने जरा जपून वापरावा, एवढे मात्र मी सुचवीन.

उत्तर : हेटीचा_रस्ता (गोंडपिपरी)

दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, तथापि सगळा दोष निसर्गाच्या माथी मारला जात आहे, त्याला माझी थोडी हरकत आहे.

आधी प्लॅटिनमचे उत्तर देतो, कारण ते राहून गेले. प्लॅटिनम आणि क्रोमियम बुशव्हेल्ड संकुलात आहे. सुमारे २.०५५ अब्ज वर्षांपूर्वी प्रावरणातून आलेला शिलारस कापव्हालच्या कवचात शिरला आणि सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात पसरला. संपूर्ण विदर्भाच्या दोन-तृतीयांश एवढे हे क्षेत्र होते. इतका मोठा शिलारस सावकाश थंड झाल्याने जड खनिजे थराथराने खाली बसली. क्रोमाइटचे काळे थर आणि पांढरट फेल्डस्पारी खडकाचे थर आलटून पालटून दिसतात, तेही रेषेने आखल्यासारखे. मेरेन्स्की थर १९२४ साली सापडला. त्याची जाडी बहुतेक ठिकाणी मीटरभरही नाही, पण तो शेकडो किलोमीटर मागोवा घेता येण्याजोगा आहे. झिंबाब्वेतली ग्रेट डाईकही याच जातीची. ती सुमारे ५५० किलोमीटर लांब आणि बुशव्हेल्डहून अर्ध्या अब्ज वर्षांनी जुनी आहे. आपल्या पवनीजवळचे क्रोमाइट मात्र लहान, ओढाताण झालेल्या भिंगांच्या आकारात आहे.

आता हरकत. गोंडपिपरी तालुक्यात हेटीच्या परिसरात अग्निज खडकांत तांबे, निकेल आणि प्लॅटिनम गटातल्या धातूंची खनिजे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने नोंदवलेली आहेत. ठाणेवासनाला तांबे आहे. नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना येथे टंगस्टन आणि कोलारी-भावरी येथे जस्त आहे. यांपैकी एकही बुशव्हेल्ड नव्हे, हे मी मान्य करतो. परंतु विटवाटर्सरँडचाही मोठा भाग वरून दिसत नव्हता. पश्चिमेकडे सोन्याचे थर डोलोमाइटखाली लपलेले होते. १९३० च्या सुमारास रुडॉल्फ क्राहमान या भूभौतिकज्ञाने चुंबकमापक घेऊन ते शोधायची युक्ती काढली. सोने चुंबकीय नाही, पण त्याच्या खालच्या समूहातले काही शेल खडक चुंबकीय आहेत आणि दोहोंमधले अंतर ठराविक असते, म्हणून शेलचा मागोवा घेतला की सोन्याचा थर किती खोल असेल हे सांगता येते. त्यातून पश्चिमेकडच्या खाणींची अख्खी ओळ उभी राहिली. कालाहारीचे मँगनीजही बहुतांशी वाळूखालीच आहे. पश्चिम विदर्भात जुने खडक दख्खनच्या काळ्या पत्थराखाली गेले आहेत आणि पूर्वेकडे भाताच्या बांध्या, जांभा आणि जंगल यांखाली. झाकलेल्या जागेबद्दल 'नाही' म्हणण्याआधी तिथे भोक पाडून पाहावे लागते.

उत्तर : कोअरपेटी

हेटीचा_रस्ता यांची हरकत अर्धी मान्य. खोल ड्रिलिंग आपल्याकडे अधिक व्हायला हवे, याबद्दल दुमत नाही, आणि क्राहमान यांचे उदाहरण तर वर्गात जरूर सांगण्यासारखे आहे. पण त्या उदाहरणातली एक गोष्ट नजरेआड होऊ नये. क्राहमान यांना थर कुठल्या समूहात आहे, त्याच्या खाली काय आणि वर काय, हे जोहान्सबर्गच्या उघड्या भागावरून आधीच ठाऊक होते. ते एका माहीत असलेल्या थराचा लपलेला भाग शोधत होते. आपल्याकडे तशा थराचा एकही उघडा तुकडा हाती नाही, त्यामुळे बसाल्टखाली विटवाटर्सरँड आहे असे मानून भोके पाडणे म्हणजे पत्ता नसलेले घर शोधणे होईल. तुम्ही नोंदवलेल्या तांबे, निकेल, टंगस्टन या खुणांच्या भोवती खोल जाणे मात्र अगदी रास्त आहे.

सरकार सांगत नाही, या गावातल्या बोलण्याबद्दल इतकेच म्हणता येईल की वरची सगळी ठिकाणे सर्वेक्षणाच्याच कामातून लोकांना कळलेली आहेत. खुणा सापडणे आणि खाण परवडणे यांत फार अंतर असते. दक्षिण आफ्रिकेतही तेच घडत आहे. १९७० साली त्या देशाने सुमारे १००० टन सोने काढले होते, आता वर्षाचे उत्पादन त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आले आहे. जमिनीत सोने उरलेले आहे, पण त्या खोलीवर खडकाचे तापमान ६० अंशांवर जाते, हवा थंड करून खाली न्यावी लागते आणि खडक अचानक फुटून अपघात होतात. शेवटी हिशेब जुळत नाही.

प्रश्नकर्ता : वैनगंगाकाठ

एक शेवटची विचारणा करतो. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या काही नाल्यांची वाळू धुऊन सोन्याचे कण काढणारे सोनझारी लोक पूर्वी आमच्या भागात येत असत, असे जुनी माणसे सांगतात. कोअरपेटी सरांनी सांगितलेली नदीने सोने आणून टाकण्याची क्रिया म्हणजे हीच ना? मग त्या वाळूतून पुढे असा थर का होत नाही? आणि नाल्याची वाळू धुऊन पाहण्याचा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल का?

उत्तर : निवृत्त_सर्वेक्षक

क्रिया तीच आहे, गुरुजी. लाकडी थाळीत पाणी आणि वाळू फिरवली की हलके कण काठावरून निघून जातात आणि जड कण तळाशी राहतात. विटवाटर्सरँडच्या नद्यांनी तेच केले, फक्त लाखो वर्षे आणि फार मोठ्या मैदानावर, आणि गोळा झालेले वरचेवर नव्या गाळाखाली गाडत गेले. आपल्या नाल्यांतले कण जुन्या खडकांतल्या गारेच्या बारीक शिरा झिजून आलेले आहेत. शिरा विखुरलेल्या, तसेच कणही विखुरलेले. शिवाय आपल्या नद्यांचा गाळ आज खोल साचत नाही. यंदाच्या पुराने टाकलेली वाळू पुढच्या पुरात उचलून पुढे जाते, त्यामुळे वळणाच्या आतल्या बाजूला किंवा आडव्या खडकाच्या मागे जे थोडे जमते तेही फार काळ जागेवर राहत नाही.

प्रयोग जरूर करावा. पाऊस ओसरल्यावर, पाणी घोट्याएवढे असताना, खडकाच्या आडोशाची सर्वांत तळची वाळू घ्यावी आणि पसरट थाळीत सावकाश धुवावी. तळाशी काळी रेघ राहील. ती वाळवून वरून चुंबक फिरवला की मॅग्नेटाइट उचलले जाईल, आणि मागे इल्मेनाइट, लालसर गार्नेट आणि नशीब असेल तर बारीक झिरकॉन राहील. ज्या खनिजावरून वय काढतात तेच मुलांना भिंगाखाली दाखवता येईल. पिवळा चकाकणारा कण दिसला तर सुईने दाबून पाहावा. सोने चपटे होते, पायराइटचा भुगा होतो आणि अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. आमच्या भागातल्या वाळूत दहापैकी नऊ वेळा पापुद्रेच सुटतात, हे मुलांना आधी सांगून ठेवावे.